बहात्तर की एकशे आठ

आमच्या साडूंच्या सायकलला सीट नाही. मोडली नाही, चोरीला गेली नाही. मुळात बसवलेलीच नाही. गिअर नाहीत, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही. सांगलीत कुणी अशी सायकल दारात उभी केली असती, तर रात्रीतून कुणीतरी माल लांबवला असं समजून घरच्यांनी शेजारच्या पोराला आधी दम भरला असता. एडिनबरात मात्र ती दिवाणखान्यात, सोफ्याच्या जागी उभी असते. सोफा निजायच्या खोलीत गेला आहे. पलंग कुठे गेला हे विचारायचं मी टाळलं.

एवढं सगळं काढून टाकल्यावर उरतं जेमतेम: सांगाडा, दोन चाकं, हँडल, पेडल, चेन, ब्रेक. चारचौघांच्या संसारात चारशे वस्तू असतात आणि माणूस एकेकीचा थोडा थोडा विचार करतो. साडूंच्या सायकलला पंधरा-वीसच आहेत, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला भरपूर साडू येतात.

या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात. सायकलवरून कुठेही जायचं नाही, हे त्याचं मुख्य लक्षण. दगड, ओंडके, भिंती, काँक्रीटचे ठोकळे यांवर पाय न टेकता चढायचं आणि पाय न टेकता उतरायचं. टेकला की दंड. खेळ जन्माला आला मोटरसायकलवर, सायकलवर आला नंतर. स्पेनमधल्या कॅटलोनियात पेरे पी नावाचा एक मोटरसायकलवाला होता, मोन्तेसा कंपनीतला. आपल्या ओट नावाच्या पोराला इंजिनाशिवाय तसंच उड्या मारता यावं म्हणून त्यानं सायकल तयार करून दिली आणि पोरगा पुढे जगज्जेता झाला. साडू ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा सगळा जिव्हाळा बापाकडे असतो. पोरगा काय, उड्या मारत होता. सायकल कुणी बांधली?

साडू मूळचे सांगलीचे, एडिनबरात एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतात, पन्नाशी दिसू लागली आहे. त्यांना हे वेड लागलं ते २००९ साली. स्काय बेटावरचा डॅनी मॅकास्किल नावाचा एक तरुण तेव्हा एडिनबरातल्या सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. याच शहराच्या पायऱ्या, भिंती, कठडे यांवर त्यानं केलेल्या करामतींची पाच-साडेपाच मिनिटांची फिल्म त्या एप्रिलमध्ये आली. टोकदार लोखंडी गजांच्या कुंपणावर, अगदी माथ्यावर, हा पठ्ठ्या सायकल चालवत जातो. लाखो लोकांनी ते पाहिलं आणि विचारलं, ‘हे जमतं कसं?’ साडूंनी विचारलं, ‘फ्रीव्हील कुठलं आहे?’

इथे साडू या माणसाची जात ठरली. ही जात सायकलीपुरती नाही. कॅमेऱ्याच्या भिंगांवर तीन तास बोलून एकही फोटो न दाखवणारे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. तबल्याची शाई कुणाकडून भरून घ्यावी यावर ज्यांचं मत प्रमाण मानतात, त्यांना धा-धिं-धिं-धा वाजवताना कुणी ऐकलेलं नसतं. पण हे लोक ढोंगी नसतात, हे आधी सांगून टाकतो. त्यांची श्रद्धा अस्सल असते. कौशल्य हाही एक सुटा भागच आहे, तो अजून आपल्या पत्त्यावर पोचलेला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

आता फ्रीव्हीलचं प्रकरण. साध्या सायकलचं फ्रीव्हील मागच्या चाकात असतं. उतारावर पाय थांबवले की कुर्रर्र वाजतं ते तेच. ट्रायल्सच्या बऱ्याच सायकलींत ते पुढे क्रँकवर चढवतात आणि मागचं दातेरी चक्र चाकाशी घट्ट जखडतात. त्यामुळे पाय थांबले तरी चाक फिरतंय तोवर चेनही फिरत राहते. साडूंच्या दोन पँटी अशा कामी आल्या. फ्रीव्हीलमध्ये बारीक कुत्री असतात, ती दात्यांत अडकली की पेडलचा जोर चाकाला मिळतो. एका फेऱ्यात ती किती ठिकाणी अडकू शकतात, यावर सगळी मारामारी. काहींत बहात्तर ठिकाणी, काहींत एकशे आठ.

“बहात्तर की एकशे आठ?” मी तिथे राहायला गेलो तेव्हा पहिल्या सकाळी, चहाच्याही आधी, साडूंनी विचारलं.

प्रश्न पोकळ नाही. बहात्तरमध्ये पेडल जास्तीत जास्त पाच अंश रिकामं फिरतं, एकशे आठमध्ये सव्वातीनच्या किंचित वर. पावणेदोनशे मिलिमीटरचा क्रँक धरला तर पायाखाली दीड सेंटिमीटर पोकळी आणि एक सेंटिमीटर पोकळी, असा हा फरक. मागच्या चाकावर उभं राहून समोरच्या भिंतीवर झेप घ्यायची असते, तेव्हा पाय दाबला आणि सायकल हलली यांत अंतर नको. उलट बाजूनं पाहिलं, तर ठिकाणं वाढली की दाते बारीक होतात, आणि बारीक दात्यांत घाण गेली किंवा कुणी जाडं ग्रीस चोपडलं, तर कुत्री चिकटून बसतात. ऐन झेपेच्या वेळी फ्रीव्हील सटकलं की पेडल खाली, गुडघा हँडलवर आणि तोंड जिथे पोचेल तिथे.

साडूंनी याचं कोष्टक केलं होतं. किंमत, वजन, ठिकाणं, ग्रीस की पातळ तेल, सुट्या स्प्रिंगा मिळतात की नाही, अशा सगळ्या रकान्यांचं. सासूबाईंचा सांगलीहून फोन आला तेव्हा त्यांच्याही कानावर हे गेलं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता कौल दिला, “एकशे आठच घ्या. जपमाळेला तेवढेच मणी असतात.” साडूंनी तो ‘इतर मते’ या रकान्यात नोंदवून घेतला. मग दोन्ही फ्रीव्हीलं मागवली.

दुसरं प्रकरण वजनाचं. या बाबतीत साडूंचं कुलदैवत सॅमी मिलर. बेलफास्टचा माणूस, मोटरसायकल ट्रायल्समधला बादशहा. त्याच्याकडे पाचशे सीसीची एरिअल होती, नंबर जीओव्ही १३२. ती त्यानं वर्षानुवर्षं तासून, कापून, जड भागाच्या जागी हलका भाग घालून अशी हलकी केली की समोरचे चकित. मग एक दिवस ती सोडून तो बुल्टाको या स्पॅनिश कंपनीकडे गेला, त्यांच्या छोट्या टू-स्ट्रोक गाडीवर काम केलं आणि १९६५ साली तिच्यावर बसून स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. साडूंच्या लेखी या कथेचं सार म्हणजे बोल्ट बदलावेत. सॅमी मिलर स्पर्धाही शेकड्यांनी जिंकत होता, हा भाग त्यांच्या कथेत ओझरता येतो.

याच ट्रायलचं आणखी एक पारायण होतं आणि ते मला आवडतं. १९५२ साली ती जॉनी ब्रिटन यानं जिंकली, रॉयल एन्फील्ड बुलेटवर. आपल्याकडे जी बुलेट वरातीपुढे धडधडत जाते आणि वाटेत गाय बसली तर थांबून राहते, तिचीच आजी त्या वर्षी पाय न टेकता स्कॉटलंडच्या ओढ्यांतून, निसरड्या खडकांवरून चढत होती. साडूंच्या वडिलांकडे बुलेट होती. “बाबांना माहीत असतं तर!” साडू हळहळतात. माझ्या अंदाजानं बाबांना माहीत असतं तरी त्यांनी ती मार्केट यार्डातच नेली असती.

तर वजन. मेव्हणीचा केक करायचा इलेक्ट्रॉनिक काटा आता कायम सायकलशेजारी असतो. पोलादी बोल्ट उतरतो, टिटॅनियमचा चढतो, दोघांचं वजन होतं, फरक चार ग्रॅम, वहीत नोंद. रिमला मुळातच मोठी गोल भोकं असतात, धातू वाचावा म्हणून. त्यांतून आतली पट्टी दिसते, म्हणून पट्टीचा रंग निवडावा लागतो. केशरी की निळा, यावर घरात एक रविवार गेला. पेडलं मॅग्नेशियमची झाली. हँडलच्या मुठींचं रबर जाऊन स्पंज आला. असं करत करत साडूंनी सायकलीचे चारेकशे ग्रॅम कमी केले, त्या आनंदात मेव्हणीनं पुरणपोळ्या केल्या आणि हिशेब पूर्ववत झाला. साडू स्वतः नव्वद किलोंच्या पलीकडे आहेत. पण ते काट्यावर मावत नाहीत, म्हणून वहीत त्यांची नोंद नाही.

“नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे खूप पाहिले, भाऊजी,” मेव्हणी मला म्हणाली. “हा अंगण विकत आणतो, ग्रॅमवर तोलतो आणि दुसरं मागवतो.”

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी साडूंच्या बाजूचा आहे. या खेळात ब्रेक थांबण्यासाठी नसतो, उभं राहण्यासाठी असतो. पुढचं चाक हवेत, सगळा भार मागच्या एका चाकावर, ते चाक ब्रेकनं आवळलेलं, आणि त्या तोलावर माणूस टुणटुण उड्या मारत जागा घेतो. मग ब्रेक सोडायचा, त्याच क्षणी पेडल हाणायचं, हवेत जायचं, आणि भिंतीच्या कडेवर टेकताना पुन्हा चाक जखडायचं. त्या वेळी ते बोटभर जरी घसरलं, तरी माणूस पाठीवर येतो. त्यामुळे बरेचसे ट्रायल्सवाले माग्युरा या जर्मन कंपनीचा हायड्रॉलिक ब्रेक लावतात. तो दोन्ही बाजूंनी रिमच आवळतो. आवळण्याचा जोर एवढा की सांगाड्याचे मागचे दोन दांडे बाहेर फाकू पाहतात, म्हणून त्यांच्यावर नालाच्या आकाराची एक पट्टी ठोकावी लागते.

एवढं करूनही साडूंच्या मते रिम गुळगुळीतच. म्हणून ग्राइंडर! आपल्याकडे ग्रिलवाले लोखंड कापतात तो, दातओठ खाणारा. नव्याकोऱ्या, साता समुद्रांपलीकडून मागवलेल्या रिमच्या दोन्ही कडांना त्यानं बारीक चरे पाडायचे. पॅड त्या चऱ्यांत दात रोवतात. पॅड झिजतात, चरे बोथट होतात, पुन्हा ग्राइंडर. त्याआधी चाकाचा आउट काढायचा, कारण लहरणाऱ्या चाकावर चरे एकसारखे पडत नाहीत. आउट काढण्यात साडूंचा हात मात्र खरा आहे. सांगलीत सायकलच्या दुकानात उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून शिकलेत. चाक फिरवायचं, कान तिकडे, किल्ली चिमटीत, एका तारेला पाव आटा, समोरच्या तारेला उलटा पाव आटा. त्या वेळी ते सुंदर दिसतात.

ग्राइंडिंग होतं इमारतीमागच्या सामाईक अंगणात. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई सभ्य आहेत. त्या फक्त खिडकी लावून घेतात आणि त्यांचा कुत्रा सोफ्याखाली जातो. पण चरे पाडलेल्या रिमवर ब्रेक दाबला की जो आवाज येतो, त्याला सोफा पुरत नाही. कर्कश, ओला, मान कापल्यागत. साडू तो डोळे मिटून ऐकतात. “ऐका, ऐका, खर्जात गेला की पॅड बदलायचे.” कुत्र्यालाही आता हे कळतं म्हणे.

ज्यांना चरे नकोत ते रिम गुळगुळीत ठेवून तिला डांबर फासतात. खरोखरचं, रस्त्यावरचं डांबर. त्यानं पॅड चिकटून धरतो. साडूंनी तेही करून पाहिलं. रस्ता दुरुस्त करणाऱ्यांनी टाकून दिलेला एक गोळा ते रुमालात बांधून घरी घेऊन आले. सांगलीच्या रस्त्यांवर जे कधी टिकलं नाही ते एडिनबरात दिवाणखान्याच्या गालिच्यावर मात्र आजतागायत टिकून आहे.

मग पाणी. या ब्रेकच्या नळ्यांत कंपनी निळं खनिज तेल भरते. ट्रायल्सवाल्यांपैकी काही आतलं तेल काढून पाणी भरतात. पाणी पातळ, बोट उचललं की ब्रेक झटकन सुटतो. थंडीत गोठू नये म्हणून त्यात मोटारीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ घालायचं. हे सगळं सुई नसलेल्या सिरिंजनं, खालून वर, हवेचा एकही बुडबुडा आत न ठेवता. बुडबुडा दाबला जातो, पाणी दाबलं जात नाही, म्हणून बुडबुडा राहिला की लिव्हर मऊ लागतो. हे काम साडू स्वयंपाकघराच्या ओट्यावर करतात, कारण तिथे उजेड चांगला. मेव्हणीनं एक खडूची रेघ ओढली आहे. अलीकडे पोहे, पलीकडे ब्रेक.

नित्यकर्मही ठरलेलं आहे. रात्री जेवण झालं की चेनची एकेक कडी बोटांतून सोडायची. एखादी वाकडी, ताठर किंवा चिरलेली लागली तर चेन तडक कचऱ्यात. यात कंजुषी नाही आणि ते योग्य आहे; झेपेच्या वेळी चेन तुटली तर दाताच्या डॉक्टरचं बिल चेनच्या कित्येक पट. मग चेनचा ताण. मागच्या ॲक्सलवर दोन्ही अंगांना एकीकडे फुगत गेलेली एकेक चकती असते, ती फिरवली की चाक मागे सरकतं. दोन्हीकडे सारखी फिरली पाहिजे, नाहीतर चाक तिरकं. मग टायर. मागच्यात हवा कमी ठेवायची, टायरनं दगडाला कवेत घेतलं पाहिजे. फार कमी केली तर दगड आणि रिमच्या मधे ट्यूब चिमटते आणि दोन भोकं शेजारीशेजारी पडतात. साडू अंगठ्यानं दाबून पाहतात, मग गेजनं पाहतात, मग गेज चुकीचा आहे असं ठरवतात. शेवटी टॉर्कचा पाना. त्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर लागला की तो टक् करतो. सांगलीत आटे जाईपर्यंत आवळायचे आणि अर्धा फेरा मागे घ्यायचा, ही पद्धत होती. साडू त्या टक्‌ला एवढे सरावले आहेत की लोणच्याच्या बरणीचं झाकण लावून ते क्षणभर थांबतात.

आणि चालवणं? तेही होतं. रविवारी, पाऊस नसला तर, पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर. तिथे वाळू अडवायला घातलेले लाकडी बांध आहेत आणि मागे फिरायच्या रस्त्याची भिंत आहे. मी एकदा गेलो होतो सोबत. साडूंनी हेल्मेट घातलं, नडगीला पॅड बांधले, सायकलवर उभे राहिले आणि उभेच राहिले. दोन्ही चाकं जागच्या जागी, अंग किंचित डोलतंय. हाही एक कौशल्याचाच भाग आहे आणि तो त्यांना उत्तम येतो. मग त्यांनी पुढचं चाक उचलून फूटभर उंचीच्या एका ओंडक्यावर टेकवलं. मागचं चाक वर आलं नाही. साडू खाली उतरले, वाकले, मागच्या ब्रेककडे बघत राहिले.

“लिव्हर मऊ लागतोय,” ते म्हणाले. “रात्रीपासून शंका होती.”

तिथे पोरं होती सात-आठ. त्यांच्या सायकली बघवत नव्हत्या: एकीला पुढचा ब्रेक एका जातीचा, मागचा दुसऱ्या, एकीच्या मुठी चिकटपट्टीच्या, एकीची रिम एवढी ठेचलेली की गोल म्हणायचं ते सवयीनं. या सायकलींवरून ती भिंतीवर चढत होती, भिंतीवरून बांधावर जात होती. पडत होती, शिव्या देत होती, पुन्हा चढत होती. पण साडू दिसले तशी सगळी खाली आली आणि रांग लागली. साडूंनी पिशवी उघडली. एकाच्या चाकाचा आउट निघाला, तिथेच, सायकल उलटी करून. एकाला नवे पॅड मिळाले, साडूंचे आठवडाभर वापरलेले, म्हणजे नवेच. ते जुनं बहात्तरचं फ्रीव्हील एकाच्या क्रँकवर चढलं. पैसे कुणी काढले नाहीत आणि साडूंनी मागितले नाहीत. एका पोराला तर त्यांनी झापलं, चेन बदलली नाहीस म्हणून, आणि सांगलीच्या दुकानातले मिस्त्री झापत असतील तसं झापलं. स्कॉटिश पोरगं मान खाली घालून ऐकत होतं. एडिनबराच्या त्या कोपऱ्यात कुणाची उडी फसली तर पोरं सायकलीला दोष देऊ शकत नाहीत, याची जबाबदारी साडूंवर आहे.

त्यांतल्या एका पोरानं, चौदा-पंधरा वर्षांचं असेल, विचारलं की तुमची सायकल जरा चालवून बघू का. साडू काही क्षण गप्प होते. मग त्यांनी टॉर्कचा पाना काढून हँडलचे बोल्ट पुन्हा एकदा टक्‌ टक्‌ करून घेतले आणि सायकल त्याच्या हाती दिली.

पोरगं उभं राहिलं, दोनदा जागच्या जागी टुणटुणलं, फूटभराच्या ओंडक्यावर गेलं, ओंडक्यावरून बांधाच्या खांबावर, आणि खांबावरून थेट त्या भिंतीवर, जी माझ्या छातीपर्यंत येते. वर पोचल्यावर ब्रेकची ती किंकाळी निघाली आणि फिरायला आलेली चार कुत्री एका सुरात भुंकली. मी टाळ्या वाजवल्या. साडूंनी वाजवल्या नाहीत. त्यांचा कान आवाजाकडे होता. पोरगं भिंतीवरून उडी घेऊन खाली आलं, सायकल परत देत म्हणालं, मस्त आहे, फक्त मागचा ब्रेक किंचित मऊ वाटतोय.

साडू माझ्याकडे वळले. इतका समाधानी माणूस मी त्या देशात दुसरा पाहिला नाही.

“ऐकलंत ना, साडूभाऊ? बुडबुडा आहे म्हणून मी रात्रीच सांगत होतो.”